थंडीत रुसलेले इंजिन

थंडी पडली की माणसालासुद्धा अंथरुणातून उठवत नाही. मग इंजिन तरी कसे उठेल? पौष महिन्यात पहाटे ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी, तर आतून नुसता "कुर्र... कुर्र..." असा कण्हल्यासारखा आवाज येतो. एकदा होते, दोनदा होते, आणि मग तेही बंद. बॅटरी उतरली! आता सकाळचे काम कसे व्हायचे?

आणि काम काही थांबत नाही. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुका आहे. तिथे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडी-उन्हाची मोजणी होते. काही वर्षी तिथला पारा ५ अंशांच्याही खाली गेला आहे. गव्हाला थंडी मानवते, पण द्राक्षाला ती सोसत नाही. मणी फुगायचा थांबतो, कधी तडकतो. म्हणून तिथले बागाईतदार कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात. पहाटे उठून बागेला पाणी देतात. विहिरीचे पाणी हवेपेक्षा ऊबदार असते, त्याने जमिनीला ऊब मिळते.

आता पाहा मंडळी, गंमत कशी आहे ती! ज्या पहाटे थंडी सर्वांत जास्त, त्याच पहाटे इंजिनाची गरज सर्वांत जास्त. आणि त्याच पहाटे इंजिन रुसून बसते. वर्षभराची मेहनत एका पहाटेवर येऊन ठेपते.

पण इंजिन म्हणजे काही रुसणारी सून नव्हे. ते लोखंडाचे आहे. ते का अडते, याला कारण असते. कारण कळले की उपाय सापडतो. तेच आज आपण समजून घेऊ.

डिझेल पेटते कशाने?

पेट्रोलच्या गाडीत प्लग असतो. प्लगमध्ये विजेची ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटते. डिझेलच्या इंजिनात असा ठिणगीचा प्लग नसतोच. मग डिझेल पेटते कसे?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या खालच्या टोकाला हात लावून पाहा. ते गरम लागते. हवा दाबली की ती तापते. हाच तो सगळा खेळ आहे.

रुडॉल्फ डिझेल नावाचे एक जर्मन इंजिनीअर होते. त्यांचा जन्म १८५८ सालचा. हवा खूप दाबली तर ती इतकी तापेल की तेल आपोआप पेटेल, ठिणगी लागणारच नाही, असा विचार त्यांनी केला. पुष्कळ वर्षे खटपट केली. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी त्यांचे इंजिन नीट चालून दाखवले गेले. त्यांच्याच नावावरून आपण त्या इंजिनाला आणि त्या तेलालाही डिझेल म्हणतो. पुढे आपल्याकडेही अशी इंजिने होऊ लागली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विहिरीवरच्या मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली.

इंजिनात सिलिंडर असतो. त्यात पिस्टन खालीवर होतो. पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. १६ ते १८ पायल्या धान्य एका पायलीच्या मापात कोंबावे, तशी ती हवा कोंबली जाते. तेव्हा ती ५०० अंशांहून जास्त तापते. त्याच क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आत पडतो. फवारा पेटतो, भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो. इंजिन सुरू!

म्हणजे डिझेल इंजिनाला तीन गोष्टी हव्यात. पहिली, ते जोरात फिरले पाहिजे. दुसरी, आतली हवा पुरेशी तापली पाहिजे. तिसरी, डिझेल वेळेवर पोचले पाहिजे. तिन्ही जमल्या तर इंजिन चालू व्हायलाच हवे.

थंडी काय काय बिघडवते?

थंडी इंजिनाला चार बाजूंनी धरते.

एक, तेल घट्ट होते. थंडीत खोबरेल तेलाची बाटली पाहिली आहे ना? तेल गोठून पांढरे होते. इंजिनातले ऑइल तसे गोठत नाही, पण काकवीसारखे जड होते. मग पिस्टन, कणा, सगळे चिखलात चालल्यासारखे फिरते.

दोन, बॅटरीचा जोर कमी होतो. बॅटरीत शिसे आणि आम्ल यांच्या क्रियेतून वीज निघते. थंडीत ही क्रिया मंदावते. पाणी गोठण्याइतकी थंडी असेल, तर बॅटरीचा जोर सुमारे एकतृतीयांशाने कमी होतो. म्हणजे ओझे वाढले आणि त्याच वेळी बैल अशक्त झाला!

तीन, हवा तापत नाही. मुळात हवाच गार. सिलिंडरचे लोखंडही गार. हवा दाबून जी ऊब तयार होते, ती हे गार लोखंड पिऊन टाकते. त्यातच इंजिन हळू फिरत असेल, तर दाबलेली हवा पिस्टनच्या फटीतून निसटते. मग डिझेल आत पडते, पण पेटत नाही.

चार, डिझेलही जड होते. आपल्याकडच्या थंडीत हे फारसे होत नाही. पण डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. फार थंडीत ते मेण साकळते आणि फिल्टर बुजतो. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली ३० अंशांपर्यंत जातो. तिथे साधे डिझेल टाकीतच घट्ट होते. म्हणून २०१९ साली इंडियन ऑइल कंपनीने तिथल्यासाठी वेगळे हिवाळी डिझेल काढले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. आपल्या गावी अशा डिझेलची गरज नाही. आपले भांडण पहिल्या तीन गोष्टींशी आहे.

सकाळची तयारी संध्याकाळीच

सकाळी सडा घालायचा तर पाणी आदल्या रात्री भरून ठेवतो. इंजिनाचेही तसेच आहे.

ट्रॅक्टर उघड्या माळावर ठेवू नका. गोठ्याच्या आडोशाला, भिंतीच्या कडेला ठेवा. तोंड पूर्वेकडे केले तर सकाळचे पहिले ऊन इंजिनावर पडते. इंजिन गार झाल्यावर त्यावर ताडपत्री किंवा जाड गोणपाट टाका. गरम इंजिनावर मात्र टाकू नका. धुराच्या नळीला लागून गोणपाट पेटते. आणि सकाळी ते काढायला विसरू नका. एरवी पंख्यात गुंतते.

टाकी रात्री भरून ठेवा. टाकी अर्धी रिकामी असेल तर आतल्या हवेतले दव रात्री टाकीच्या आत धरते. ते पाणी डिझेलमध्ये उतरते. पाणी जड, ते तळाशी जाते, आणि तिथूनच फिल्टरकडे निघते. फिल्टरखाली पाणी काढण्याचा स्क्रू असतो. आठ-पंधरा दिवसांनी तो सैल करून पाणी काढून टाकावे.

बॅटरीची टोके पाहा. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती पूड म्हणजे विजेच्या वाटेतले काटे! आधी दोन्ही वायरी सोडवा. सोडवताना आधी वजाची वायर सोडवावी. टोकांवर खाण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी टाका, जुन्या ब्रशने घासा, कोरडे करा. वायरी घट्ट आवळा. लावताना आधी अधिकाची लावा, मग वजाची. वरून थोडे व्हॅसलिन किंवा ग्रीस चोपडा. हे काम दहा मिनिटांचे आहे. पण थंडीतली निम्मी रडगाणी त्याने थांबतात.

बॅटरीला झाकणे असतील तर पाणी पाहा. कमी असेल तर बाटलीतले डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीचे किंवा नळाचे घालू नका, त्यातले क्षार बॅटरीला मारतात. आम्ल तर मुळीच घालू नका.

आणि ऑइल. डब्यावर "१५डब्ल्यू-४०", "२०डब्ल्यू-४०" असे आकडे छापलेले असतात. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत पातळ राहते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. कोणते तेल घालायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. दुकानदार देईल ते मुकाट्याने घेऊ नका. डबा हातात घ्या, आकडा वाचा, मग पैसे द्या.

पहाटेचा क्रम

पहाट झाली. आता घाई करू नका. एकेक गोष्ट क्रमाने करा.

पहिल्यांदा बसून घ्या. ट्रॅक्टर बसूनच सुरू करायचा. गिअर न्यूट्रलला आहे ना, ब्रेक लावला आहे ना, हे पाहा.

इंजिन बंद करण्याची दांडी किंवा बटन बाहेर ओढलेले असेल तर आत ढकला. हसू नका. ती ओढलेली असते तोवर डिझेल बंद असते. पुष्कळ लोक ती तशीच ठेवून सेल्फ मारत बसतात आणि बॅटरी संपवतात.

क्लच पूर्ण दाबा. गिअरपेटीतले तेलही थंडीने जड झालेले असते. क्लच दाबला की ते ओझे स्टार्टरवर पडत नाही. लिफ्टची दांडी खाली करा. दिवे, गाणी, सगळे बंद करा. सगळी वीज स्टार्टरला जाऊ द्या.

हाताचा थ्रॉटल निम्म्यावर ठेवा.

काही ट्रॅक्टरांत आणि डिझेलच्या जीपगाड्यांत हीटर असतो. किल्ली थोडी फिरवली की समोर तारेच्या वेटोळ्यासारखी पिवळी खूण पेटते. ती खूण विझेपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात आत ऊब होते. इतका धीर धरला तर इंजिन पहिल्या फटक्यात धरते.

आता सेल्फ मारा. दहा सेकंद, फार तर पंधरा. घड्याळ नसेल तर मनात दहा आकडे सावकाश मोजा. सुरू झाले नाही तर सोडा आणि एक मिनिट थांबा. मिनिटभरात बॅटरी दम घेते, स्टार्टरही गार होतो. मग पुन्हा दहा सेकंद. असे तीन-चार वेळा करावे. सतत सेल्फ दाबून धरला तर स्टार्टर जळतो, आणि पाचशेचे काम पाच हजारांवर जाते.

इंजिन बोलते, ते ऐका

तीन-चार वेळा करूनही झाले नाही, तर मग सेल्फ मारणे बंद. आता ऐका आणि पाहा. चांगला वैद्य आधी नाडी धरतो, मग औषध देतो.

एका शेतकऱ्याने मिस्त्रीला बोलावले होते. तेव्हाचे बोलणे असे झाले.

"मिस्त्री, सकाळपासून सेल्फ मारतोय. घेतच नाही बघा!"

"दादा, सेल्फ मारला तेव्हा फिरत होतं का जोरात?"

"फिरत होतं की. जोरात फिरत होतं."

"आणि नळीतून धूर?"

"धूर नाय बा. जरासुदिक नाही."

"मग डिझेलच पोचत नाही. एअर घेतली असंल. काल टाकी पार रिकामी केली होती का?"

"आता कसं ओळखलंत हो तुम्ही?"

मिस्त्रीजवळ काही जादू नव्हती. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. इंजिन कसे फिरते, आणि धूर कसा येतो. तुम्हीही त्या विचारू शकता.

इंजिन जड-जड, हळू फिरते, किंवा नुसते "टक्-टक्" वाजते, तर दोष विजेचा. दिवा लावा आणि सेल्फ मारा. दिवा अगदी मंद झाला किंवा विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टोके सैल आहेत. दिवा झगझगीत राहिला आणि तरी काही हलले नाही, तर स्टार्टर किंवा त्याची वायर पाहावी लागेल.

इंजिन जोरात फिरते पण धूर मुळीच नाही, तर डिझेल पोचत नाही. टाकीचा कॉक बंद असेल, दांडी ओढलेली असेल, फिल्टर बुजला असेल, नाहीतर नळीत हवा शिरली असेल. हवा शिरली असेल तर फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करतात आणि हातपंपाची दांडी हलवतात. आधी फेस येतो, बुडबुडे येतात. मग बिनबुडबुड्याची धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा. पहिल्यांदा हे मिस्त्रीकडून शिकून घ्या. पण नोझलच्या नळ्यांना हात लावू नका. तिथल्या फवाऱ्याला इतका जोर असतो की तो कातडी भेदून आत जातो. आणि नव्या कॉम्प्युटरच्या गाड्यांत कोणतीच नळी सैल करू नका.

इंजिन जोरात फिरते आणि पांढरा धूर येतो, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. आत ऊब नाही. हीटर असेल तर तो चालतो का ते पाहा. हवेची जाळी, म्हणजे एअर फिल्टर, धुळीने भरला असेल तर तो साफ करा. ज्या इंजिनाच्या पेटीत साधे पाणी घालतात, त्यात गार पाणी काढून कोमट पाणी भरले तर लोखंडाला ऊब मिळते. पण कोमट, बरं का! थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला तडकतो. गार लोखंडावर उकळते पाणी ओतले तर तेही तडकते.

सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर आला तर घाबरू नका. पण इंजिन तापल्यावरही तो येतच राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर पाणी आत गळते आहे. मिस्त्रीला दाखवा.

हँडल मारायचे इंजिन

विहिरीवरची जुनी ऑइल इंजिने अजूनही काही ठिकाणी हाताने फिरवतात. त्यांना बॅटरी नाही, म्हणून बॅटरीचे दुखणेही नाही. पण इथे बॅटरी म्हणजे तुमचा दंड!

या इंजिनाच्या डोक्यावर दाब सोडण्याची एक खिटी असते. ती उचलली की आतली हवा दाबली जात नाही, निसटून जाते. मग हँडल हलके फिरते. थंडीत खिटी उचलूनच आधी पंधरा-वीस वेळा हळूहळू फिरवा. त्याने ऑइल सगळीकडे पसरते, अंग मोकळे होते. मग वेग वाढवा. चाक चांगले घुमू लागले की खिटी सोडा. जड चाकाच्या वेगाने पिस्टन दाब ओलांडून जातो आणि इंजिन धरते.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मुठीभोवती आवळू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर आवळलेला अंगठा मोडतो, कधी मनगटही. आणि थंडी आहे म्हणून अंगावर घोंगडे, गळ्यात मफलर, खांद्यावर उपरणे असते. ते सगळे आधी काढून बाजूला ठेवा. साडीचा पदर, धोतराचा सोगा घट्ट खोचा. पट्ट्यात किंवा चाकात कपडा सापडला तर तो माणसाला ओढून घेतो. चाक थांबत नाही. थोडी थंडी सोसा, पण सैल कपडा घालून इंजिनाजवळ जाऊ नका.

फटफटीचे काय?

मोटारसायकल पेट्रोलवर चालते. तिला ठिणगी मिळते, पण थंडीत पेट्रोलची वाफ कमी होते. वाफ झाल्याशिवाय पेट्रोल पेटत नाही. म्हणून जुन्या गाड्यांना चोक असतो. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. किल्ली बंद ठेवून चार रिकाम्या किका मारा. मग चोक ओढा, किल्ली लावा, एक जोरदार किक मारा. सुरू झाली की मिनिटाभरात चोक परत ढकला. चोक तसाच ठेवून किका मारत राहिलात तर गाडी ओव्हर होते, म्हणजे पेट्रोलने प्लग भिजतो. मग प्लग काढून पुसून, वाळवून लावावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियमाच्या गाड्या विकल्या जातात. त्यांपैकी बहुतेकांना चोक नाही. त्यांत किल्ली लावल्यावर दोन-तीन सेकंद "झुं" असा आवाज येतो. पंप पेट्रोल भरत असतो. तो आवाज थांबला की मूठ न पिळता बटन दाबा.

हे कधीही करू नका

आता जे सांगतो ते दोनदा वाचा. मुलांना वाचून दाखवा. इंजिन उद्याही सुरू होईल. माणूस गेला तर परत येत नाही.

खाली उभे राहून, पाना किंवा स्क्रूड्रायव्हर टेकवून स्टार्टर जोडू नका. पुष्कळ जण अशी हुशारी करतात. पण ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर इंजिन धरताच तो पुढे निघतो. आणि त्या जागी चाकासमोर उभे कोण असते? आपणच! या हुशारीपायी ट्रॅक्टरखाली माणसे गेलेली आहेत.

पेटता बोळा, टेंभा किंवा पेटते गोणपाट टाकीखाली, इंजिनाखाली धरू नका. डिझेलची गळती असेल, खाली गवत असेल, तर ट्रॅक्टर आणि गोठा दोन्ही जातील.

हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा कोंबू नका. त्याने आत अवेळी भडका होतो, पिस्टन फुटतो. बाजारात इथरचा फवारा मिळतो. हीटर असलेल्या इंजिनात तो मारला तर स्फोटासारखा भडका उडतो.

दारे बंद करून आत इंजिन चालू ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. पेट्रोलच्या धुरात तो जास्त असतो, डिझेलच्या धुरातही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते, आणि तो झोपेतच जातो. दारे उघडा, मगच किल्ली फिरवा.

बॅटरीजवळ विडी, काडी पेटवू नका. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो ठिणगीने फुटतो आणि आम्ल तोंडावर उडते. दुसऱ्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची असेल तर दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत ना, ते पाहा. दोन ट्रॅक्टर एकमेकांना चिकटू देऊ नका. क्रम असा: लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकाला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजाला. तिचे दुसरे टोक शेवटी, उतरलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. म्हणजे ठिणगी पडली तरी ती बॅटरीजवळ पडत नाही. काढताना उलट क्रमाने काढा.

सुरू झाल्यावर

इंजिन सुरू झाले! आता आनंदाने रेस वाढवू नका. झोपेतून उठलेल्या बैलाला कुणी लगेच भरल्या गाडीला जुंपत नाही. ऑइल अजून जड आहे. ते वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर लोखंडावर लोखंड घासत असते. समोरचा ऑइलचा लाल दिवा विझला ना, ते पाहा. काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा. विझला तर दोन-तीन मिनिटे संथ चालू द्या. मग हळूहळू काम सुरू करा. जोराचे काम इंजिन चांगले तापल्यावर.

बॅटरीचेही देणे फेडायचे असते. सकाळी सेल्फ मारताना तिची वीज खर्च झाली. ती भरून यायला इंजिन बराच वेळ चालावे लागते. पाच मिनिटे चालवून बंद, पुन्हा सेल्फ, पुन्हा बंद, असे केले तर बॅटरी रोज थोडी थोडी रिती होते. मग एके दिवशी ऐन थंडीत ती हात टेकते, आणि आपण म्हणतो, काल तर चांगली होती! पंख्याचा पट्टा सैल असेल तरीही बॅटरी भरत नाही. पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. फार दबत असेल तर ताणून घ्या.

लक्षात ठेवा

रात्री टाकी भरा, इंजिन झाका.
बॅटरीची टोके स्वच्छ आणि घट्ट ठेवा.
गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला, दांडी आत.
दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट विश्रांती.
धूर नाही, तर डिझेल नाही. पांढरा धूर, तर ऊब नाही. जड फिरले, तर वीज नाही.
आगीचा बोळा नको, खाली उभे राहून स्टार्टर नको, बंद खोलीत धूर नको.

वाचा आणि सांगा

१. डिझेल इंजिनात ठिणगी नसताना डिझेल कशाने पेटते?
२. थंडीत बॅटरी आणि ऑइल यांचे काय होते?
३. तुमच्या ट्रॅक्टरच्या किंवा इंजिनाच्या ऑइलच्या डब्यावर कोणता आकडा आहे? तो वाचून वहीत लिहा.
४. हँडल मारताना अंगठा कुठे ठेवावा? का?
५. तुमच्या गावात थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी लोक काय काय करतात? त्यांतले योग्य काय आणि धोक्याचे काय, यावर वर्गात बोला.